बागेत राबणाऱ्यांची संघटना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ठाणे-नवी मुंबईच्या बागांमध्ये जे काम करतात, म्हणजे माळी, सफाईच्या ताया, वॉचमन, तरणतलावावरचे लाइफगार्ड, खेळणी दुरुस्त करणारे फिटर, या सगळ्यांची मिळून एक व्यावसायिक संघटना हवी. जागा संपली म्हणून विषय तिथेच थांबला होता. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, दोघं तर घरी येऊन बसले. मी स्वतः २८ वर्षं उद्यानाच्या कामात काढली, आधी हजेरीवर माळी आणि नंतर सुपरवायझर, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे आणि उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: सर, मी नेरूळला एका बागेत ठेक्यावर माळी आहे, ११ वर्षं झाली. या ११ वर्षांत ठेकेदार तीनदा बदलला, मी तोच. तुम्ही संघटना म्हणता ती म्हणजे युनियनच ना? मुकादमाला विचारलं तर म्हणाला, युनियनचं नाव काढलंस तर उद्यापासून येऊ नकोस. मला दोन पोरं आहेत.
(एक माळी, नेरूळ)

उत्तर: दादा, आधी भीतीचं बोलू, कारण पोटाचा प्रश्न पहिला. युनियनमध्ये गेला म्हणून माणसाला कामावरून काढणं ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे, महाराष्ट्रात त्यासाठी १९७१ चा वेगळा कायदाच आहे. पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कोर्टात हे सिद्ध करायला वर्षं जातात आणि तोवर घरात चूल कशी पेटायची ते कोर्ट सांगत नाही. म्हणून मुकादमासमोर एकट्याने हा विषय पुन्हा काढू नका, आधी दहा-वीस जण व्हा मग बोला.

आता फरक. युनियन पगार, बोनस, सुट्ट्या, कामावरून काढणं याबद्दल मालकाशी बोलणी करते आणि ती गरजेचीच आहे. मी म्हणतोय ती संघटना कामाची, कसबाची. कोण काय शिकलंय, कोणाला काय येतं, काम नीट कसं करायचं, नव्याला कोण शिकवणार आणि बागेबद्दल निर्णय होताना बागेतल्या माणसाला कोण विचारणार, हे तिचे विषय. एकाच माणसाने दोन्हीकडे असायला काहीच हरकत नाही.

उदाहरण अमेरिकेतलं देतो, कारण तिथे हे काम जुनं आहे. १८९८ मध्ये तिथल्या न्यू इंग्लंड भागातल्या बागांच्या अधीक्षकांनी आपली एक संघटना काढली. १९०६ मध्ये वॉशिंग्टनला दुसरी निघाली, मुलांच्या खेळाच्या मैदानांसाठी, कारण शहरात पोरं रस्त्यावर गाड्यांमध्ये खेळत होती. म्हणजे झाडंवाले एकीकडे आणि खेळवाले दुसरीकडे, आणि असं बरीच वर्षं चाललं. शेवटी १९६५ मध्ये अशा पाच संस्था एकत्र आल्या आणि नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशन झाली. ती पगाराची बोलणी करत नाही. ती प्रशिक्षण घेते, परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देते, दर वर्षी मोठं अधिवेशन भरवते आणि १९८५ पासून अख्खा जुलै महिना बागा आणि मनोरंजनाचा महिना म्हणून साजरा होतो, त्यात बागेत काम करणाऱ्यांचं काम लोकांपुढे आणतात.

आपल्याकडे आज तेच तुटलेपण आहे बघा. माळी एका ठेकेदाराचा, वॉचमन दुसऱ्या एजन्सीचा, सफाई तिसऱ्याची, खेळणी बसवणारा चौथाच. एका बागेत चौघं रोज चहा एकत्र पितात पण कागदावर त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पाण्याचा व्हॉल्व्ह फुटला तर माळी म्हणतो माझं काम नाही, वॉचमन म्हणतो माझं नाही, आणि दोघांचंही खरं असतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पेनाने खूण करून ठेवलंय, ठेकेदार तीनदा बदलला, मी तोच. दादा, संघटना कशासाठी ते याच वाक्यात आहे. बागेत पाण्याची लाइन जमिनीखालून कुठून गेलीय, कुठल्या कोपऱ्यात पावसात गुडघाभर पाणी साचतं, कुठल्या गुलमोहराला आतून वाळवी लागलीय आणि बाहेरून तो हिरवागार दिसतोय, हे ऑफिसातल्या कुठल्याच फाइलीत नाही, ते तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्हाला कामावरून घरी बसवलं तर ते ज्ञान गेटच्या बाहेर गेलं. माझ्या डोळ्यासमोर असं झालंय. एका बागेत नवा ठेका आला, जुने सगळे माळी बदलले, आणि नव्या पोरांनी खड्डा खणताना मुख्य पाइपच फोडला, ऐन एप्रिलमध्ये आठ दिवस बाग कोरडी. ज्याला माहीत होतं तो शेजारच्या सोसायटीत कुंड्यांना पाणी घालत होता, कोणी त्याला विचारायलाही गेलं नाही.

नोंदणीचं म्हणाल तर दोन रस्ते. ट्रेड युनियन करायची तर किमान ७ जण अर्ज करू शकतात, मात्र त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात. १९२६ च्या जुन्या कायद्यात हेच होतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच आहे. आणि मी म्हणतोय तशी कसबाची संस्था करायची तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली ७ जण मिळून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करता येते. पण माझं ऐकाल तर पहिलं वर्षभर नोंदणीच्या मागे लागू नका. आधी एक वही करा. तिच्यात नाव, किती वर्षं काम, काय काय येतं, कुठल्या कुठल्या बागेत होतात, एवढंच. आज तुमची ११ वर्षं कुठेच लिहिलेली नाहीत दादा, ती आधी लिहिली जाऊ द्या.

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या एका बागेत माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात झोपाळ्याची साखळी तुटून आली. नशिबाने झोपाळा हळू होता, कोपर खरचटण्यावर भागलं. खेळणी तपासायचं काम नक्की कोणाचं असतं? आणि तुमच्या त्या संघटनेने यात काय फरक पडणार?
(एक आई, ठाणे)

उत्तर: ताई, मुलगी ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. कागदावर हे काम ज्या खात्याने किंवा ठेकेदाराने खेळणी बसवली आणि देखभालीला घेतली त्यांचं आहे. प्रत्यक्षात ते खेळणं रोज सकाळी सगळ्यात आधी बघतो तो माळी नाहीतर झाडूवाली ताई.

मी वाशीला खाडीच्या बाजूच्या एका बागेत असताना आमच्याकडे एक जुने माळीकाका होते. दर सोमवारी झाडू मारून झाला की ते झोपाळ्याच्या वरच्या दांड्याला जिथे साखळी अडकवलेली असते ना, त्या हुकात करंगळी घालून बघायचे. मी विचारलं काका हे काय, तर त्यांनी माझं बोट धरून त्या हुकावर ठेवलं. बाहेरून हुक जाडजूड दिसत होता, आतल्या बाजूला जिथे कडी घासते तिथे मात्र खोलगट झिजला होता, अर्धाच उरला होता आणि कडेला धार आली होती. खाडीच्या खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, वर झोक्याने रोज घासलं जातं, आणि हे खालून उभं राहून कधीच दिसत नाही, शिडी लावून बोटच घालावं लागतं. काकांनी त्या दिवशी झोपाळा सुतळीने खांबाला गुंडाळून बांधून टाकला. दुपारी एका पालकाने तक्रार केली की माळी मुलांना खेळू देत नाही आणि संध्याकाळी काकांनाच बोलणी बसली. सुतळी सोडायला लावली. दुसऱ्या दिवशी मी माझ्या पैशाने दोन नवे हुक आणून लावले, तेव्हा कुठे विषय मिटला. हे मला आजही लागतं, कारण चूक काय होती त्यांची?

संघटनेने फरक पडतो तो इथेच. अमेरिकेतली जी संघटना वर सांगितली ती खेळण्यांच्या सुरक्षेचं एक वेगळं सर्टिफिकेट देते, त्यासाठी परीक्षा असते आणि ते ३ वर्षंच चालतं, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. असा शिकलेला माणूस जेव्हा म्हणतो हा झोपाळा बंद, तेव्हा त्याच्या मागे एक संस्था उभी असते. आमच्या काकांच्या मागे सुतळीशिवाय काही नव्हतं.

तुम्ही पालकांनी स्वतः बघायच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. खेळण्याच्या खांबाचं काँक्रीट मातीतून वर आलंय का बघा, पावसाळ्यानंतर माती वाहून जाते आणि मग पोर पडलं की डोकं सरळ काँक्रीटवर. दोन गजांमधली किंवा फळ्यांमधली फट साधारण साडेतीन ते नऊ इंचांच्या मधे असेल तर ती धोक्याची, कारण लहान मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. आणि खाली वाळू असेल तर ती चांगली नऊ इंच तरी हवी, नुसती पसरलेली नको. आपल्याकडे हल्ली रंगीत रबरी लाद्या घालतात, दिसायला छान, पण कोपऱ्यातून एक लादी उचलून बघा, खाली काय आहे आणि रबर किती जाड आहे ते. काही खटकलं तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, आणि तक्रारीत माळ्याचं नाव घालू नका, बहुतेक वेळा त्याने ते आधीच वर सांगितलेलं असतं.

प्रश्न: मी बागेत झाडू मारते. सकाळी सात ते तीन. बागेतलं टॉयलेट पब्लिकसाठी आहे म्हणून त्याची चावी वॉचमनकडे असते आणि तो दहाला येतो. मी पाणीच पीत नाही सकाळी. हे कोणाला सांगायचं?
(ऐरोली)

उत्तर: मावशी, पाणी पिणं बंद करू नका, मूतखडा होईल, जळजळ होईल, उन्हात चक्कर येईल. तुमचं पत्र वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

कामगारांसाठी टॉयलेट आणि पिण्याचं पाणी ही मेहरबानी नाही, तो कायदा आहे. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात तो होता, ठेकेदाराने सोय केली नाही तर मूळ मालकाने, म्हणजे ज्याची बाग आहे त्या संस्थेने, करून द्यायची असं त्यात होतं. आता कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा-आरोग्याची जी नवी संहिता आलीय, तिच्यात तर ही जबाबदारी थेट मूळ मालकावरच टाकलीय. तेव्हा वॉचमनशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही. एका साध्या कागदावर लिहा की आमची ड्युटी ७ ला सुरू होते, टॉयलेट १० ला उघडतं, एक चावी आम्हाला द्या. त्यावर तुमच्या बागेतल्या आणि जवळच्या दोन-तीन बागांतल्या बायकांच्या सह्या किंवा अंगठे घ्या आणि वॉर्ड ऑफिसला देऊन पोच घ्या, शिक्का मारलेली. पोच घेतल्याशिवाय उठू नका. लिहायला कोणी नसेल तर संपादकांकडे निरोप ठेवा, मी येऊन लिहून देतो.

प्रश्न: मी बी.एस्सी. हॉर्टिकल्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. असल्या संघटनेत माझ्यासारख्याला जागा आहे का, की ती फक्त माळ्यांची? आणि माळ्यांसाठी काही कोर्स असतात का, वडील माळी आहेत म्हणून विचारतोय.
(घणसोली)

उत्तर: जागा आहे, आणि तुझ्यासारखे हवेतच, कारण ज्याचे वडील माळी आणि स्वतः हॉर्टिकल्चर शिकलेला तो दोन्ही भाषा बोलतो. वडिलांसाठी सांगतो. कृषी विद्यापीठांकडे माळी प्रशिक्षणाचे कोर्स असतात, आपल्या कोकणासाठी दापोलीचं विद्यापीठ आहे, तिथे चौकशी कर. दुसरं म्हणजे केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची पद्धत आहे, म्हणजे ज्याने वीस वर्षं छाटणी केलीय त्याला छाटणी शिकायला पुन्हा वर्गात बसायला नको, थोडं प्रशिक्षण आणि परीक्षा. माळी हे त्यातलं एक ठरलेलं काम आहे. तू वडिलांच्या सोबतच्या पाच-सहा जणांचे फॉर्म भरून दे. आणि औषध फवारणीच्या डब्यावरचा त्रिकोण त्यांना वाचायला शिकव, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मी स्वतः पहिली चार वर्षं लाल त्रिकोणाचं औषध तोंडाला फडकं बांधून मारलं, कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रश्न: आम्ही ज्येष्ठ नागरिक रोज सकाळी ठाण्यात तलावाकाठी फिरतो. आमचा २०-२५ जणांचा ग्रुप आहे, त्यात रिटायर्ड इंजिनिअर आहेत, बँकेतले आहेत. अशा संघटनेला आम्ही मार्गदर्शन करू शकतो. नागरिकांना सभासद होता येईल का?
(पाचपाखाडी)

उत्तर: येईल काका, अमेरिकेतल्या त्या संघटनेतही सामान्य नागरिक सभासद असतात. आणि आपल्याकडे बागप्रेमींनी संस्था काढायची परंपरा तर त्याहून जुनी आहे, पुण्याचं एम्प्रेस गार्डन जी संस्था सांभाळते ती १८३० ची. तेव्हा तुमची मदत हवीच आहे, अर्ज लिहायला, हिशोब ठेवायला, वॉर्ड ऑफिसात जाऊन बसायला.

फक्त मार्गदर्शन या शब्दाजवळ मी थोडा थांबतो, रागावू नका. मागे एका बागेत नागरिकांच्या मागणीवरून पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी झाली. मागणी योग्य होती, फांद्या रस्त्यावर येत होत्या. पण छाटणी करणाऱ्यांनी पर्जन्यवृक्षाच्या फांद्या मधेच तोडून हातभर ठूठं सोडली. तिथला माळी मला म्हणाला, साहेब हे झाड तीन-चार वर्षांत सडणार. त्याने मला जवळ नेऊन दाखवलं, फांदी जिथे खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर वळी असते, सुरकुतलेली, हाताच्या कोपरासारखी. कट त्या वळीच्या अगदी बाहेर घ्यायचा, वळीला धक्का लावायचा नाही आणि ठूठही ठेवायचं नाही. मग झाड ती जखम कडेकडेने स्वतः बुजवतं. ठूठ ठेवलं तर ते वाळतं, त्यात पाणी मुरतं, बुरशी आत शिरते. हे त्याला कामाच्या आधी कोणी विचारलं नाही, नागरिकांनी नाही आणि साहेबांनीही नाही. झाडाला हात लावायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती घेतलेली होती, कागद सगळे बरोबर होते. चौथ्या पावसाळ्यात त्यातली एक फांदी पडली.

म्हणून माझी विनंती अशी की संघटनेत नागरिक असावेत पण पदाधिकारी बागेत काम करणारेच असावेत, निदान पहिली पाच वर्षं. मीटिंगमध्ये पहिले बोलायचे ते माळी आणि सफाईच्या ताया. आपण शिकलेली माणसं बोलायला लागलो की ते गप्प बसतात, हे मी २८ वर्षं पाहिलंय आणि सुपरवायझर झाल्यावर मीही तेच केलंय. तुमच्या २५ जणांनी येत्या आठवड्यात एकच करा, तलावाकाठी झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाचं नाव विचारा आणि त्याला विचारा की इथलं कुठलं झाड आजारी आहे.

प्रश्न: पगारातून पीएफ कापतात असं स्लिपवर आहे पण भरतात का ते कसं कळणार?
(तुर्भे)

उत्तर: स्लिपवर यूएएन नंबर असेल, म्हणजे तुमच्या पीएफ खात्याचा कायमचा नंबर, १२ आकडी. सरकारचं उमंग अ‍ॅप मोबाइलवर घ्या, त्यात पासबुक उघडतं, दर महिन्याला तुमचे किती आणि मालकाचे किती जमा झाले ते दिसतं. यूएएनच नसेल तर तीच पहिली तक्रार, पीएफचं ऑफिस वाशीलाही आहे आणि ठाण्यात वागळे इस्टेटलाही. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डही मागा, घरच्यांचे उपचारही त्यात होतात. ठेकेदार बदलला की यूएएन नवा काढू देऊ नका, जुनाच चालू ठेवायला सांगा, नाहीतर पैसे तीन-चार ठिकाणी विखुरतात आणि काढताना नाकी नऊ येतात.

प्रश्न: तुमचं वाचून आम्ही कोपरखैरणे आणि वाशीचे मिळून १४ जण तयार आहोत. पहिली मीटिंग कुठे घ्यायची? हॉलचं भाडं परवडणार नाही.
(एक मुकादम, कोपरखैरणे)

उत्तर: मुकादमच पुढे आलेत याचा मला फार आनंद झाला. हॉल नको. दुपारी एकची जेवणाची सुट्टी, बागेतल्याच एखाद्या मोठ्या झाडाखाली, सगळ्यांनी आपापले डबे घेऊन यायचं. वॉचमन आणि सफाईच्या ताया यांना आधी दोन दिवस निरोप द्या, फक्त माळ्यांचंच बोलावणं झालं असं नको. एक दोनशे पानी वही आणि दोन पेनं लागतील, ती मी आणतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची नावं आणि कामाची वर्षं मी लिहून घेईन, आणि कुठल्या बागेत कुठली पाण्याची लाइन आहे त्याचा नकाशाही त्याच वहीत मागच्या पानापासून सुरू करू. वार कळवा, मंगळवार सोडून कुठलाही चालेल.